पडला का?

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी कंपनीच्या टेलिफोनवर बसणाऱ्या बाईंनी एक चिठ्ठी लिहिली. वर 'खरेदी विभाग, थांबेकर' आणि खाली तीन वाक्यं: 'घरून आईंचा फोन. लॅपटॉप पडला. लवकर या.' बाईंचं अक्षर वळणदार होतं आणि निरोप जसाच्या तसा उतरवण्याबद्दल त्यांची ख्याती होती. पलीकडचं माणूस मध्येच खोकलं तर बाई खोकलाही लिहीत. त्यामुळे पुढे जे काही झालं त्यात बाईंची काडीचीही चूक नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

थांबेकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. खुर्च्या तयार करणाऱ्या या कंपनीत ते सोळा वर्षं खरेदी बघत होते, आणि समोरच्यानं कुठलाही भाव सांगितला की त्यांच्या तोंडून पहिले शब्द निघत, "थांबा जरा." स्क्रू असोत, फोम असो की खुर्चीची चाकं असोत, ते थांबत. विक्रेता दोनदा चहा पिई, घड्याळ बघे, दुसऱ्या दिवशी पुन्हा येई आणि शेवटी कंटाळून दोन टक्के उतरवे. अशानं कंपनीचा पुष्कळ फायदा झाला होता, आणि त्यांचं मूळ आडनाव पगाराच्या कागदाशिवाय कुठे उरलं नव्हतं.

कंपनीत जे जमतं ते घरी करून बघायला माणूस मोकळा असतो. थांबेकरांनी पंखा उन्हाळा सरल्यावर घेतला आणि गरम कपडे थंडी सरल्यावर. लग्नाला होकार द्यायलाही त्यांनी पाच महिने लावले होते असं त्यांची आई कौतुकानं सांगत. बायको त्या वेळी ताटं वाढायला घेई.

बायको मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढी. तिचा लॅपटॉप नऊ वर्षांचा होता. त्याची बिजागरी मोडल्यामुळे पडदा मागे कलंडे, म्हणून त्याच्या पाठीशी इस्त्री उभी करून ठेवावी लागे. हत्तीचं चित्र उघडायला घेतलं तर आधी सोंड दिसे आणि बाकीचा हत्ती यायला पाच मिनिटं लागत. हे हसण्यावारी नेता येत होतं तोवर ठीक होतं. मग एका प्रकाशकाला चित्रं वेळेवर पोचली नाहीत आणि त्यानं उरलेली सहा पुस्तकं दुसऱ्या कुणाला देऊन टाकली. त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं, की तिला चांगला लॅपटॉप हवा आहे, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात काचेआड ठेवलाय तोच, आणि पैसे ती स्वतःच्या कमाईतून देणार आहे.

"पैशांचा प्रश्नच नाही," थांबेकर म्हणाले. "भावाचा प्रश्न आहे. थांब जरा. हे महागडे लॅपटॉप पडतात. नवीन मॉडेल आलं की जुनं धाडकन पडतं."

या गोष्टीला आठ महिने झाले होते.

त्या आठ महिन्यांत 'पडला' हा शब्द घरात रुळला. आई रोज सकाळी फिरायला जाताना दुकानाच्या काचेला नाक लावून किमतीचं कार्ड वाचून येत. पडला की ताबडतोब ऑफिसात फोन करायचा, अशी त्यांना ताकीद होती, आणि ऑफिसचा नंबर त्यासाठी कपाटाच्या दारावर आतून चिकटवून ठेवला होता. थांबेकर संध्याकाळी दारात बूट काढता काढता विचारत, "पडला का?" आतून आई म्हणत, "नाही रे." मग जेवणं होत. रविवारी ते स्वतः बायकोला घेऊन दुकानात जात आणि काउंटरवरच्या मुलीला तोच प्रश्न विचारत. ती किंमत सांगे आणि बायकोकडे बघून हसे. बायकोही हसे. दोन बायका एकमेकींकडे बघून हसल्या तर त्यात विशेष काय, असं थांबेकरांना वाटे.

विशेष म्हणजे गेल्या चार महिन्यांत बायकोचं एकही काम उशिरा गेलं नव्हतं. उलट कामं वाढली होती. थांबेकरांच्या हे लक्षात आलं आणि एकदा जेवताना त्यांनी ते बोलूनही दाखवलं, की बघ, जुन्याला उगाच नावं ठेवत होतो, सांभाळून वापरला तर यंत्र दगा देत नाही. बायको "हो" म्हणाली आणि तिनं त्यांना आणखी वाढलं.

कंपनीतही त्यांचे अनुयायी होते. हिशेबनिसांना मुलीसाठी तोच लॅपटॉप घ्यायचा होता आणि थांबेकरांच्या शब्दावर तेही आठ महिने थांबले होते. मुलगी त्यांच्याशी कामापुरतं बोले. थांबेकरांचं ऐकलं नाही ते फक्त मोठ्या साहेबांनी. साहेब तीन आठवड्यांपूर्वी दुकानात गेले, सांगितली ती किंमत मोजली आणि लॅपटॉप काखेत मारून आले. त्यावरची प्लास्टिकची पातळ फिल्म त्यांनी अजून काढली नव्हती, आणि शिंक आली की ते आधी लॅपटॉप मिटत आणि मग शिंकत.

हा लॅपटॉप आदल्या संध्याकाळी साहेबांनी थांबेकरांच्या स्वाधीन केला होता. नव्या खुर्चीचं सादरीकरण त्या दिवशी चार वाजता संचालकांपुढे व्हायचं होतं. साहेबांना त्यात फोटो नको होते, चित्रं हवी होती, खुर्चीत बसलेल्या सुखी माणसांची, आणि ती काढायला थांबेकरांची बायको तयार झाली होती. पण खुर्ची अजून गुपित असल्यामुळे तिची फाईल साहेब कुणाला पाठवायला राजी नव्हते. म्हणून फाईलसकट लॅपटॉपच घरी गेला. दुपारच्या सुट्टीत तो थांबेकरांनी परत आणायचा होता. देताना साहेबांनी तान्हं मूल द्यावं तसा दोन्ही हातांनी दिला आणि तो आडवा धरायचा हे दोनदा बजावलं.

तर बाई ती चिठ्ठी घेऊन उठल्या. थांबेकर खाली गोडाऊनमध्ये होते, तिथे मोबाइल लागत नसे. जिन्यात साहेब भेटले. चिठ्ठीवरचा 'लॅपटॉप' हा शब्द साहेबांना चार पायऱ्या वरून दिसला.

साहेबांनी चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली आणि कठडा धरला. पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं, की त्या क्षणी त्यांना चार वाजताचे संचालक आठवले नाहीत, खुर्ची आठवली नाही, फक्त ती न काढलेली फिल्म आठवली. ते तसेच गोडाऊनकडे निघाले. वाटेत हिशेबनीस दिसले, त्यांना काही न सांगता चिठ्ठी दाखवली. हिशेबनिसांनी ती वाचली, चष्मा सारखा केला आणि मागोमाग चालू लागले. साहेबांना वाटलं, माणूस आपल्या दुःखात सामील झाला.

थांबेकर फोमच्या गठ्ठ्यांमागे एका विक्रेत्याला थांबवत होते. साहेबांनी चिठ्ठी पुढे केली. थांबेकरांनी ती वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"पडला?" ते म्हणाले. "अखेर पडला म्हणायचा. किती पडला ते नाही लिहिलं?"

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. "किती पडला म्हणजे?"

"थोडाथोडका पडून उपयोग नाही, साहेब. चांगला दणकून पडायला हवा. तरच अर्थ आहे."

"थांबेकर," साहेब हळूच म्हणाले, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"उलट आजच बरं वाटतंय. घरी सगळ्यांनी किती वाट बघितली. आई तर रोज सकाळी जाऊन बघते, पडला का म्हणून."

साहेबांनी आधारासाठी फोमच्या गठ्ठ्यावर हात ठेवला. गठ्ठा मऊ असल्यामुळे हात कोपरापर्यंत आत गेला. आपल्या लॅपटॉपवर एक संपूर्ण कुटुंब डोळा ठेवून होतं ही कल्पना त्यांना पचायला जड जात होती. त्यांनी विचारलं, की कधीपासून चाललंय हे. थांबेकर म्हणाले, आठ महिने झाले.

"आठ महिने? अहो, माझ्याकडे येऊन त्याला तीन आठवडे झालेत."

या आकड्यांवर हिशेबनिसांचं डोकं चाललं. तो त्यांचा धंदाच होता. त्यांनी दोघांच्या मध्ये उभं राहून शांतपणे समजावलं, की साहेब ज्याबद्दल बोलतायत तो लॅपटॉप वेगळा आणि थांबेकर बोलतायत तो दुकानातला. पडला तो लॅपटॉप नव्हे, लॅपटॉपचा भाव. थांबेकरांच्या घरी भाव उतरला की लॅपटॉप पडला म्हणायची पद्धत आहे, हे हिशेबनिसांना स्वतःला ठाऊक आहे, कारण आठ महिने ते रोज हाच प्रश्न थांबेकरांना विचारत आले आहेत.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी पडलेली ही पहिलीच गोष्ट, जिचा अर्थ सगळ्यांना एकच कळला. त्यांनी हात फोममधून काढून घेतला, कपाळ पुसलं आणि ते हसलेसुद्धा. मग हसता हसता त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"म्हणजे मी घेतला," ते म्हणाले, "आणि तीन आठवड्यांत भाव पडला?"

थांबेकरांनी 'मी म्हणालो होतो' हे शब्द तोंडातल्या तोंडात ठेवले, पण ते चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होते. साहेबांना वाटलं, यापेक्षा तो जमिनीवर पडला असता तर बरं झालं असतं. निदान विमा होता. किंमत पडल्याचा विमा कुठे मिळतो? त्यांनी जाहीर केलं, की ते आत्ताच्या आत्ता त्या दुकानात जाणार आणि वरचे पैसे परत मागणार, आणि मिळाले नाहीत तर निदान काउंटरवरच्या त्या मुलीला चार शब्द सुनावणार. हिशेबनीस म्हणाले, मीही येतो, आता घरी मुलीला तोंड दाखवता येईल. थांबेकर म्हणाले, लवकर चला, चिठ्ठीत 'लवकर या' लिहिलंय ते उगाच नाही, एखादाच नग राहिला असेल. तिघेही साहेबांच्या गाडीत बसले. फोमवाला विक्रेता मागे एकटा राहिला आणि त्यानं आपणहून दोन टक्के उतरवल्याचा कागद गठ्ठ्यावर ठेवून दिला.

गाडीत मोठी चर्चा झाली. साहेबांचं म्हणणं असं, की महागडी वस्तू बनवणाऱ्यांना काही लाज असावी, घेणाऱ्याची फिल्म निघाली नाही तोवर भाव उतरवू नये. हिशेबनिसांचं म्हणणं, की भाव उतरवायचाच होता तर चढवला कशाला, आठ महिने घरात अबोला झाला. थांबेकर पुढच्या सीटवर हाताची घडी घालून बसले होते. त्यांचं म्हणणं काहीच नव्हतं. जिंकलेल्या माणसानं जास्त बोलू नये एवढं त्यांना कळत होतं. मध्येच त्यांनी फक्त एवढं म्हटलं, की बायकोला आज खूप आनंद होईल. ते खरोखरच तिच्यासाठी थांबले होते.

घर दुकानापासून पन्नास पावलांवर होतं. आधी घरी जाऊन माझा लॅपटॉप ताब्यात घेऊ, असं साहेब म्हणाले. थांबेकर म्हणाले, आधी दुकान, तो कपाटात आहे, कपाटातून कुठे जातोय.

दुकानात गर्दी नव्हती. लॅपटॉप नेहमीच्या जागी तारेनं बांधलेला होता आणि त्याच्या शेजारी कोरं करकरीत नवीन कार्ड होतं. तिघेही एकदम वाकले. मग तिघेही एकदम सरळ झाले.

"ताई," थांबेकर काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, "यावर पडलेली किंमत लिहा, ही तर जुनीपेक्षा जास्त दिसतेय. ही छपाई चुकलीये."

"चुकली नाहीये, काका. आज सकाळपासून वाढली. नऊ टक्के."

"वाढली?"

"आत लागणारी चिप महागली म्हणतात. चार महिन्यांत ही दुसऱ्यांदा वाढ. पुढच्या महिन्यात अजून वाढेल."

यावर तीन माणसांचे तीन चेहरे झाले. हिशेबनीस थांबेकरांकडे बघू लागले. आठ महिन्यांपूर्वीची किंमत त्यांना पाठ होती आणि वजाबाकी आपोआप होत होती. साहेबांची कांती मात्र बघता बघता सुधारली. आपण घेतल्यापासून तीन आठवड्यांत वस्तू नऊ टक्क्यांनी वधारली, म्हणजे आपल्याला बाजाराची नस कळते, हे त्यांना आधीपासून वाटत होतंच. त्यांनी मुलीला चार शब्द सुनावायचे होते त्याऐवजी दुकान छान ठेवलंय असं सांगितलं. कंपन्यांनाही खर्च असतातच, असंही ते म्हणाले.

थांबेकर मात्र कार्डासमोरून हलेनात. आई चष्मा घालून गेल्या होत्या का, हा एकच विचार त्यांच्या डोक्यात घोळत होता. आकडा उलटा वाचला असेल. वाढला आणि पडला यांतला फरक वयामुळे कळला नसेल.

तेवढ्यात हिशेबनिसांनी तोंड उघडलं. ताळेबंद जुळला नाही की ते ज्या सुरात विचारत त्याच सुरात त्यांनी विचारलं, "मग पडलं काय?"

काउंटरवरची मुलगीसुद्धा वर बघू लागली. उत्तर सर्वांत आधी साहेबांना सुचलं. पन्नास पावलांचं अंतर त्यांनी त्यांच्या वयाला आणि हुद्द्याला न शोभेल अशा वेगानं कापलं.

दार आईंनी उघडलं. त्यांचे डोळे लाल होते.

"अरे, मी नुसतं टेबल पुसत होते," त्या म्हणाल्या. "वायर पायात आली. फोन केला तर सूनबाई उचलेना, म्हणून तुझ्या ऑफिसात केला."

बायको नुकतीच आली होती. पायातल्या चपलाही तिनं काढल्या नव्हत्या. ती टेबलाशी बसली होती आणि तिच्यासमोर तो लॅपटॉप होता, उजवा कोपरा आत चेपलेला, सुपारीएवढा खड्डा पडलेला. साहेबांनी कोपरा बघितला आणि ते जवळच्या खुर्चीत बसले. ती त्यांच्याच कंपनीची खुर्ची होती, एक हात वाकडा असल्यामुळे थांबेकरांनी ती अर्ध्या किमतीत मिळवली होती. साहेब वाकड्या हाताकडे कलले आणि तसेच राहिले.

"माझा होता," ते म्हणाले. तो भूतकाळ ऐकून हिशेबनिसांनाही गलबलून आलं.

थांबेकरांनी मान खाली घातली. साहेब, मी भरून देतो, असं ते म्हणाले, आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी किंमत न विचारता कबूल केलं. ती आज सकाळी नऊ टक्क्यांनी वाढली आहे हे त्यांना त्याच क्षणी आठवलं, तरी त्यांनी शब्द मागे घेतला नाही. एवढं त्यांच्या बाजूनं लिहून ठेवायला हवं.

बायकोनं एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा साहेबांकडे. मग ती उठली, आतल्या खोलीत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि ती टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांवर आडवं धरून घेऊन आली. टेबलावर ठेवून तिनं टॉवेल सोडला.

"तुमचा हा," ती साहेबांना म्हणाली. "चित्रं सकाळी दहालाच झाली. फिल्म आहे तशीच आहे."

साहेबांनी लॅपटॉप सगळीकडून फिरवून पाहिला, चारही कोपरे अंगठ्यानं चाचपले आणि छातीशी धरला. आता टेबलाशी दोन लॅपटॉप होते, एकाच रंगाचे, एकाच मापाचे, एकाला फिल्म आणि एकाला खड्डा. थांबेकर पहिल्याकडे बघत, मग दुसऱ्याकडे बघत. हे दोन कसे झाले ते त्यांना उमगेना.

"मग हा कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"माझा," बायको म्हणाली.

थांबेकर आईंकडे वळले. तुला ठाऊक होतं, असं त्यांना विचारायचं होतं, पण आईच आधी बोलल्या.

"घेतला हे तुला सांगायचं नाही, एवढंच आमचं ठरलं होतं. पडला हे सांगायचं नाही असं कुठे ठरलं होतं?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चार महिन्यांपूर्वी दुसऱ्या प्रकाशकाचाही फोन आला होता, की ताई, चित्रं सुंदर असतात पण आम्हाला वाट बघणं परवडत नाही. त्या दुपारी ती जिना उतरून गेली आणि लॅपटॉप घेऊन वर आली. सकाळी थांबेकर बाहेर पडले की तो कपाटातून निघे आणि संध्याकाळी ते येण्याआधी पुन्हा साड्यांखाली जाई. टेबलावर इस्त्रीला टेकून जुनाच उभा असे. आज घाईत बाहेर जाताना ठेवायचा राहिला. थांबेकरांना दर रविवारचं ते हसणं आठवलं. जुन्या यंत्राचं आपण जेवताना केलेलं कौतुकही आठवलं. त्यांना वाईट वाटलं, आणि ते किमतीचं नव्हतं. चार महिने आपल्या पाठीमागे ही हत्ती, घोडे काढत होती, आणि आपण तिला रोज दारातून एकच प्रश्न विचारत होतो.

साहेबांना आता बाकी कशात रस नव्हता. त्यांनी आपला लॅपटॉप न सोडता, खड्ड्याकडे मान वळवून विचारलं, "वहिनी, तुम्हाला केवढ्याला पडला?"

तिनं आकडा सांगितला. पहिली वाढ झाली त्याच्या आदल्या आठवड्यात घेतला होता, वर काउंटरवरच्या मुलीनं बॅग फुकट दिली होती. हिशेबनिसांनी मनातल्या मनात मांडणी केली आणि निकाल सांगितला, की साहेबांपेक्षा बारा हजारांनी कमी आणि आजच्या किमतीपेक्षा तर विचारायलाच नको. साहेबांच्या चेहऱ्यावरची दुकानातली कांती थोडी उतरली. बाजाराची नस या घरात नेमकी कुणाला सापडली होती ते त्यांना कळलं.

बायकोनं चेपलेल्या लॅपटॉपचं बटण दाबलं. पडदा उजळला. हत्ती उघडला, सोंडेसकट, पायांसकट, शेपटीसकट, एका झटक्यात आणि पूर्ण. थांबेकर त्या हत्तीकडे वाकले. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "मला सांगायचंस तरी."

"सांगणारच होते, अहो," बायको म्हणाली. "म्हटलं, भाव पडला की सांगू, म्हणजे तुम्हाला बरं वाटेल. म्हणून थांबले होते."

आईंनी सगळ्यांना पाणी दिलं.

चार वाजताचं सादरीकरण चांगलं झालं. खुर्चीबद्दल संचालकांचं दुमत होतं, पण खुर्चीत बसलेला तो माणूस सगळ्यांना आवडला. टेकून, डोळे मिटून, कशाचीही वाट न बघणारा माणूस होता तो. तो कुणी काढला हे प्रत्येकानं विचारलं, आणि थांबेकरांनी तीन वेळा उठून सांगितलं. पुढच्या सहा खुर्च्यांची चित्रंही तिनंच काढायची असं तिथल्या तिथे ठरलं. मोबदल्याचा आकडा साहेबांनी सांगितला तेव्हा थांबेकरांचे ओठ सवयीनं 'थां' म्हणायला उघडले आणि मिटले. आकडा आहे तसा मंजूर झाला.

साडेपाचला ते घरी निघाले. टेलिफोनवरच्या बाई पर्स आवरत होत्या. सकाळच्या चिठ्ठीनंतर तीन माणसं धावत बाहेर गेली होती आणि काय झालं ते त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं.

"शेवटी पडला का हो?" त्यांनी विचारलं.

थांबेकर थांबले. त्यांनी काखेतली फाईल सावरली आणि मान थोडी ताठ केली.

"पडण्याचा प्रश्नच नाही, बाई. आम्ही चार महिन्यांपूर्वीच घेतला. वाढ होण्याच्या आधी," ते म्हणाले. "मी सगळ्यांना सांगतो, अशा वस्तूंच्या बाबतीत थांबायचं नसतं."

ते गेल्यावर बाईंनी सवयीप्रमाणे ते वाक्य जसंच्या तसं एका चिठ्ठीवर उतरवलं, खाली वेळ घातली आणि जाता जाता चिठ्ठी हिशेबनिसांच्या टेबलावर ठेवली.